रेमिशनमध्ये आहे, गोळ्या बंद आहेत, मग आता कार्ब्स किती वाढवायचे?

परत_नको:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज लिहितोय कारण चार दिवस झाले एक आकडा डोक्यातून जात नाहीये. थोडं मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी टाइप टू डायबेटिस निघाला. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा हिशोब सांगणारी रक्ताची टेस्ट, ८.९, वजन ९१. त्या दिवशी खूप घाबरलो होतो, मग हट्टाने मागे लागलो आणि वर्ष-दीड वर्षात वजन ७६ वर आणलं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आधी निम्मी केली आणि मग डॉक्टरांनी पूर्ण बंद केली, त्याला आता १३ महिने झाले. गोळीशिवायचे दोन रिपोर्ट आलेत, ५.८ आणि ५.९. डॉक्टर म्हणाले याला रेमिशन म्हणतात, चालू ठेवा. पण काय चालू ठेवा, किती ग्रॅम चालू ठेवा हे विचारायला तिथे वेळच नसतो, पुढचा पेशंट दारात उभा असतो.

मी दिवसाला ५०-६० ग्रॅम कार्ब्सवर (म्हणजे पिष्ट आणि साखर, कर्बोदकं) आहे. भात नाही, ब्रेड नाही, बटाटा नाही, फळ म्हणजे अर्धं सफरचंद, तेही रोज नाही. खरं सांगायचं तर कंटाळलोय. घरी बायको म्हणते आजार गेला ना, मग आता सगळ्यांसारखं जेव, असं किती वर्षं करणार. तर गेल्या रविवारी बसलो आणि जेवलो, साधारण ३०० ग्रॅम शिजलेला भात असेल आणि दोन उकडलेले बटाटे. एका तासाने मीटर लावला तर २१४!! दोन तासांनी १७१, तीन तासांनी ११८. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी फास्टिंग, म्हणजे सकाळची उपाशीपोटीची शुगर, १०९.

माझे प्रश्न असे की एक, रेमिशन तुटलं का? दोन, कार्ब्स वाढवायचे तर किती आणि कसे? आणि तीन, मी रात्री काहीच कार्ब्स खात नाही तरी सकाळची शुगर १०० च्या वर का असते, १०२, १०६ अशी? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, मला ते दिवस परत नकोयत.

वहीवाली:
दादा आधी शांत व्हा. रेमिशन तुटलेलं नाही. माझं अगदी असंच झालं होतं म्हणून सविस्तर लिहिते. मी साडेचार वर्षं गोळीशिवाय आहे.

पहिली गोष्ट, रेमिशन कशाला म्हणायचं हे २०२१ साली मोठ्या डायबेटिस संस्थांनी मिळून ठरवलंय, साखर कमी करणारं औषध बंद करून किमान ३ महिने झाले आणि एचबीएवनसी ६.५ च्या खाली असेल तर रेमिशन. त्यात एका जेवणानंतरचा एका तासाचा आकडा कुठेच येत नाही. तुमचा ५.९ आहे.

आता २१४ का आले ते. तुम्ही १३ महिने, खरं तर त्याच्याही आधीपासून, अगदी कमी कार्ब्सवर आहात. अशा वेळी शरीर चरबीवर चालायला शिकलेलं असतं, स्नायू ग्लुकोज उचलायला आळस करतात आणि स्वादुपिंडालासुद्धा एकदम मोठा इन्शुलिनचा डोस सोडायची सवय राहिलेली नसते. अचानक मोठं जेवण आलं की शुगर चढते, आणि हे डायबेटिस कधीच नसलेल्या माणसांतही होतं. म्हणून तर ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट (ग्लुकोजचं पाणी पाजून शुगर बघतात ती) करायच्या आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्ब्स खाऊन या असं सांगतात, कमी कार्ब्सवर असलेल्या माणसाची टेस्ट तशीच केली तर आकडा उगाच वाईट येतो. तुम्ही नकळत स्वतःची तशीच टेस्ट करून घेतलीत, तीही कुठल्याही तयारीशिवाय. मला उलट तुमचे ३ तासांचे ११८ बघून बरं वाटलं, म्हणजे शुगर खाली आली, तिथेच अडकून राहिली नाही.

आणि मीटरबद्दल, घरच्या मीटरला १५ टक्के इकडे तिकडे व्हायची मुभा असते. तुमचे २१४ म्हणजे लॅबमध्ये १८५ पासून २५० पर्यंत काहीही असू शकतं. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर अजूनच जास्त दाखवतो, हात धुऊन कोरडे करूनच स्ट्रिप लावत जा. मी एकदा हात न धुता घेतला होता आणि १९० बघून रडले होते, धुऊन घेतला तर १३१.

सकाळच्या शुगरचं म्हणाल तर पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत कॉर्टिसोल वगैरे हॉर्मोन्स सोडतं आणि लिव्हर स्वतःहून ग्लुकोज रक्तात टाकतं, रात्री तुम्ही काय खाल्लंत याचा त्याच्याशी थेट संबंध नसतो. कमी कार्ब्स खाणाऱ्या बऱ्याच जणांचा फास्टिंगचा आकडा दिवसातला सगळ्यात मोठा असतो. १०२-१०६ एवढ्यावर मी झोप घालवणार नाही, पण वहीत लिहीन, कारण महिन्यामहिन्याला वर सरकत असेल तर ते कळायला हवं.

किती वाढवायचे हे पुढच्या कमेंटमध्ये लिहिते, मोबाइलवर टाइप करतेय.

वहीवाली:
हां तर मी असं केलं. एकदम नाही, एका वेळच्या जेवणात १५ ग्रॅम वाढवायचे आणि दहा दिवस तेच ठेवायचं. त्या जेवणाआधी एक आकडा, मग एक तासाने आणि दोन तासांनी. आठवड्यातून तीनदा पुरे, रोज टोचायची गरज नाही. मी दोन तासांचा १४० च्या आत आणि एका तासाचा १६० च्या आसपास बघते, हे माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी सांगितलेलं आहे, तुमचे वेगळं सांगतील कदाचित. दहा दिवस नीट गेले की पुढचे १५ ग्रॅम, दुसऱ्या जेवणात. पहिले चार-पाच दिवस आकडे जरा चढे आले तर लगेच माघार घेऊ नका, शरीर परत सवय करून घेत असतं. असं करत मी ११० वर येऊन थांबले, १३० ला नेऊन बघितलं तर रात्रीच्या जेवणानंतर सारखे १७०-१८० यायला लागले म्हणून परत ११०. हा माझा आकडा आहे, तुमचा ८० असेल किंवा १५० असेल, ते करूनच कळणार.

दुसऱ्यांदा:
वहीवाली ताईंनी छान लिहिलंय, पण मला एक गोष्ट जोडायचीच आहे कारण मी त्यातून गेलोय. माझं रेमिशन तुटलं. दोन वर्षं टिकलं आणि गेलं, आता परत गोळीवर आहे आणि परत प्रयत्न करतोय.

मी कार्ब्सचे आकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो हो, पण वजनाकडे बघितलं नाही. कार्ब्स कमी होते पण सुकामेवा मूठमूठ, चीज, लोणी, मलई, कारण त्यात कार्ब्स नाहीत ना. एक ग्रॅम कार्ब्समध्ये ४ कॅलरी आणि एक ग्रॅम फॅटमध्ये ९, हे माहीत असून मी मोजलं नाही. दीड वर्षात सात किलो परत आले, इतके हळू की पँट घट्ट झाली तेव्हा कळलं. आणि गंमत वाटेल अशी नाही पण नीट ऐका, जेवणानंतरचे आकडे तोपर्यंत चांगलेच येत होते! सगळ्यात आधी फास्टिंग सरकलं, १०५, ११२, ११९, मी म्हणत राहिलो पहाटेचं असेल. मग एचबीएवनसी ६.८.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की न्यूकॅसलचे डायबेटिसवर संशोधन करणारे रॉय टेलर यांनी हेच सांगितलंय, लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी हे मूळ दुखणं. वजन उतरलं की लिव्हर मोकळं होतं, स्वादुपिंड परत कामाला लागतं, आणि चरबी परत भरली की परत तेच. आपल्या शरीराला झेपेल ती चरबीची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते, बारीक दिसणारा माणूससुद्धा स्वतःच्या मर्यादेच्या वर असू शकतो. ब्रिटनमधल्या, वजन उतरवून रेमिशन मिळवायच्या डायरेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये एका वर्षाला ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते, ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात तर ८६ टक्के. पण दुसऱ्या वर्षाला ४६ चे ३६ झाले. वजन परत येतं तशी शुगर परत येते. त्या ट्रायलमध्ये दोन किलो परत आले की लगेच उपाय सुरू करायचे, सात किलोची वाट बघायची नाही.

म्हणून परत_नको भाऊ, कार्ब्स वाढवा, नक्की वाढवा, माणसाने भात खावा. पण १५ ग्रॅम कार्ब्स आत आले तर तेवढ्या कॅलरी फॅटमधून बाहेर गेल्या पाहिजेत. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी, काट्यावर. तुमचे ७६ आहेत ना, ७८ दिसले की त्याच आठवड्यात हलायचं. मला कोणी हे वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कार्ब_शून्य:
मला हे सगळं पटत नाही. ज्या गोष्टीमुळे आजार झाला ती परत कशाला खायची? मी तीन वर्षं २० ग्रॅमच्या आत आहे, एचबीएवनसी ५.३. कार्ब्स ही शरीराची गरजच नाही, लिव्हर लागेल तेवढं ग्लुकोज बनवतं. ज्याला दारू सोसत नाही त्याला आपण हळूहळू १५-१५ मिली वाढवा असं सांगतो का? साहेब, तुम्ही ५० वर सुखात होतात, तिथेच थांबा.

वहीवाली:
तुमचं ५.३ आहे आणि तुम्हाला जमतंय, मनापासून अभिनंदन, तुम्ही बदलू नका. पण परत_नको दादांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की ते कंटाळलेत. कंटाळलेला माणूस किती वर्षं टिकेल? कमी कार्ब्सवरच्या २३ ट्रायल एकत्र करून २०२१ मध्ये आढावा आला होता, त्यात सहा महिन्यांपर्यंत कमी कार्ब्सवाले बरेच पुढे होते पण बारा महिन्यांना तो फरक कमी झाला. डायरेक्टमधल्या लोकांचं वजन उतरवणारं सूप-शेकचं जेवण तर कमी कार्ब्सचं नव्हतंच, त्यात निम्म्याहून जास्त कॅलरी कार्ब्समधून होत्या, फक्त एकूण जेवणच साडेआठशे कॅलरीच्या आसपास होतं. तेव्हा एकच रस्ता आहे असं नाही म्हणता येणार. दारूचं उदाहरण मला खटकलं, कडधान्यं आणि फळं आणि दारू एका रांगेत नका बसवू, नवीन लोक वाचतात आणि घाबरून सफरचंद सोडतात.

ताट_आणि_काटा:
मी आहारतज्ज्ञ आहे, नाव नको, पण थोडी भर घालते.

रविवारच्या जेवणाचा हिशोब आधी करू या. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला साधारण २८ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे ३०० ग्रॅमचे ८४. दोन मध्यम बटाटे उकडलेले, २५० ग्रॅम धरा, ४५ ते ५०. एका बैठकीत १३० ग्रॅमच्या आसपास! तुमच्या पूर्ण दिवसाच्या दुपटीहून जास्त, तेही सगळं भराभर पचणारं. १३० ग्रॅम ही बऱ्याच ठिकाणी लो कार्बची पूर्ण दिवसाची वरची मर्यादा धरतात. यावरून भात चालतो की चालत नाही असा निकाल नका लावू. १०० ग्रॅम भात खाऊन बघा, मग बोलू.

कच्चं की शिजलेलं हे नीट बघा, इथे खूप जण चुकतात. कच्च्या तांदळात १०० ग्रॅमला ७८-८० असतात, शिजल्यावर पाणी पिऊन २८ होतात. ॲपमध्ये कच्चा आकडा टाकून शिजलेलं वजन लिहिलं की दिवसाचा हिशोबच बोंबलतो. ब्रेडची एक स्लाइस १२ ते १५, मध्यम केळं २५-२७, २०० मिली दूध १० च्या आसपास, हे लक्षात येत नाही कारण दूध गोड लागत नाही. दोन महिने काट्यावर मोजा, मग नजर बसते.

वाढवायचे ते कुठून वाढवायचे हेही महत्त्वाचं. मी आधी कडधान्यं देते, शिजलेल्या मसुरात १०० ग्रॅमला २० कार्ब्स असले तरी त्यातले ८ ग्रॅम फायबर असतं आणि बरोबर ९ ग्रॅम प्रोटीन येतं. मग पूर्ण फळ, रस नाही. मग भात-ब्रेड-बटाटा. आणि खायचा क्रम बदला, भाजी आणि प्रोटीन आधी, भात सगळ्यात शेवटी. २०१५ मध्ये ११ जणांवर छोटा प्रयोग झाला होता, तेच जेवण, फक्त क्रम उलटा, तर एका तासाची शुगर ३७ टक्के कमी. अकरा माणसं म्हणजे काही फार नाहीत, पण याला खर्च नाही, धोका नाही आणि मीटर आहेच तुमच्याकडे, स्वतःवर करून बघा. जेवल्यावर दहा मिनिटं चाला, विशेषतः रात्री, ३० मिनिटं एकदाच चालण्यापेक्षा जेवणानंतर १०-१०-१० चालल्याने शुगर जास्त खाली राहते असं टाइप टूच्या ४१ जणांवरच्या अभ्यासात दिसलंय. स्नायूंनी ग्लुकोज उचललं की इन्शुलिनवरचा ताण तेवढा कमी.

एक महत्त्वाचं, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. परत_नको यांच्या गोळ्या बंद आहेत म्हणून हे सगळं ठीक. तुम्ही इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर कार्ब्स मनाने कमी करू नका, शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल आणि कार्ब्स अगदीच तोडले तर शुगर फार चढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्त आम्लयुक्त होणं) होऊ शकतो, तो जिवावर बेततो. आधी डॉक्टरांशी बोला, मग ताट बदला.

परत_नको:
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. दुसऱ्यांदा भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली, बायकोलाही वाचून दाखवली. ती म्हणाली मला वाटत होतं आजार गेला, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता वजनाचा दिवस तिने शनिवार ठरवलाय.

सहा आठवडे झाले म्हणून लिहितोय. ताईंच्या पद्धतीने वाढवत ९५ ग्रॅमवर आलोय. पहिले पंधरा दिवस मसूर आणि राजमा, मग रोज एक पूर्ण सफरचंद, आणि मागच्या आठवड्यापासून दुपारी १०० ग्रॅम भात, मोजून, जेवणाच्या शेवटी. पहिल्या दिवशी तासाने १६८ आले, हात थरथरत होते पण सोडलं नाही. चौथ्या दिवशी १५१. काल जेवून दहा मिनिटं चाललो, १३९, दोन तासांनी ११२. तोच भात!! फास्टिंग उलट ९६-९८ वर आलंय, हे कसं काय माहीत नाही पण आलंय. वजन ७६.४ होतं, आता ७६.७. बदाम मूठभरावरून आठ-दहावर आणले.

आता एक शेवटचा प्रश्न, एचबीएवनसी लगेच करू का? मला राहवत नाहीये.

दुसऱ्यांदा:
भाऊ वाचून इतका आनंद झाला काय सांगू. ७६.७ वर नजर ठेवा, पण ३०० ग्रॅम हा पाण्याचाही फरक असतो, कार्ब्स वाढले की शरीर थोडं पाणी धरतं, एक-दीड किलोपर्यंत सुरुवातीला होऊ शकतं. तीन-चार शनिवार सलग वर गेलं तर मात्र बघा.

वहीवाली:
लगेच नको. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दाखवते, आत्ता केलीत तर त्यात जुने ५५ ग्रॅमचे दिवसही मिसळलेले असतील. भात सुरू केल्यापासून तीन महिने पूर्ण होऊ द्या आणि तेव्हा करा, हिमोग्लोबिनही त्याच सॅम्पलमध्ये करून घ्या कारण लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दाखवते, माझं एकदा ६.३ आलं होतं ते त्यामुळेच. आणि दादा, औषध बंद झाल्यापासून डोळ्यांचा पडदा तपासलात का? लघवीतलं प्रोटीन, पाय? रेमिशनमध्ये असलो तरी हे दरवर्षी करायचंच असतं, आधीच्या चढ्या शुगरने जे केलं असेल ते उशिरा दिसतं. त्याच आठवड्यात उरकून टाका आणि आकडे इथे टाका, मी वाट बघते.

परत_नको:
डोळे दोन वर्षं झाली दाखवलेले नाहीत. उद्या सकाळी फोन करून अपॉइंटमेंट घेतो.